दुनळीची बिघडलेली नळी : कपाटापासून प्रूफ हाउसपर्यंतची वाट

वारशाने आलेली दुनळी बंदूक कपाटातून निघते, बंदूक-कारागिराच्या बाकावर मुक्काम करते आणि प्रूफ हाउसचा, म्हणजे नळीची दाब-चाचणी घेणाऱ्या संस्थेचा, शिक्का घेऊन परत येते. या वाटेवर जास्तीच्या खेपा होतात त्या एकाच कारणाने. नळीच्या भिंतीची जाडी मोजायच्या आधीच दुरुस्ती ठरवलेली असते. आतून आरशासारखी लखलखीत नळी पाहून हुरळू नये, कुणीतरी ती घासून पातळ केलेली असू शकते.

निघण्याआधी बंदूक कायद्याने आपल्या नावावर झालेली हवी आणि कागद सोबत हवेत. दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून त्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्यात. नुसत्या नळ्या मात्र नेऊ नयेत. बिजागरीचा सैलपणा तपासायला आणि नवी नळी बसवायला अ‍ॅक्शन (बिजागरी आणि चाप-घोड्याची यंत्रणा असलेला मधला भाग) आणि पुढचे लाकूड दोन्ही लागते. घरी पॉलिश तर अजिबात करू नये, कारण नळीच्या बुडाखालच्या सपाट भागावरचे शिक्के पुसट झाले की बंदुकीचा अर्धा इतिहास गेला.

पहिला मुक्काम या शिक्क्यांचाच. जुन्या बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) बंदुका पुष्कळदा ब्रिटिश असतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला सनद 1637 साली मिळाली, बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस 1813 च्या कायद्याने उभे राहिले. 1954 पूर्वीच्या नळीवर 12, 13/1, 13 असे आकडे दिसतात. हे आकडे आतून गेलेल्या सर्वांत मोठ्या गेजचे, म्हणजे मापाच्या दांडीचे: 12 म्हणजे 0.729 इंच, 13/1 म्हणजे 0.719 आणि 13 म्हणजे 0.710. हे माप बुडापासून 9 इंचांवर घेतात. शिक्का 13/1 चा आणि आज 12 चे गेज आत सरकत असेल, तर नळी झिजून किंवा घासली जाऊन प्रूफबाहेर गेली आहे.

त्यानंतर जाडी. यासाठी लांब दांड्याचे वॉल थिकनेस गेज लागते, व्हर्नियर तोंडापाशीच अडतो. दर दोन इंचांवर नळी चहूबाजूंनी फिरवून मोजावी. जुन्या नळ्यांचे छिद्र सहसा अगदी मध्यावर नसते, त्यामुळे एका बाजूला 30 थाउ (इंचाचे हजारावे भाग) आणि समोर 22 असे निघू शकते. पुढच्या भागात 20 थाउ, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही कारागिरांमध्ये चालत आलेली किमान मर्यादा. बुडाकडे भिंत याहून पुष्कळ जाड हवी. गंजाच्या खड्ड्याची खोली जाडीतून वजा करायची. 25 थाउची भिंत आणि 6 थाउचा खड्डा म्हणजे हाती उरले 19. असा खड्डा घासून काढायची भाषा कुणी केली तर बंदूक उचलून परत निघावे.

पोचा काढणे हे त्यातल्या त्यात सोपे काम. आत फुगणारे डेंट रेझर किंवा मापाचा प्लग बसवून दाब देतात आणि बाहेरून पितळी हातोडीने हलके ठोकतात. धातू ताणला गेल्याने बाहेर बारीक उंचवटा उरतो. तो कानशीने उतरवला की भिंत नेमकी तिथेच पातळ होते. क्रमही महत्त्वाचा आहे. पोचा आधी, आतले होनिंग (घासदगडाने गुळगुळीत करणे) नंतर. उलट केले तर होन आत आलेला फुगीर भाग कापतो आणि पुढे पोचा वर उचलल्यावर त्या जागी पापुद्रा राहतो. बार काढून पोचा सरळ होईल हा समज तर जीवघेणा.

फुगवटा आतल्या घट्ट मँड्रेलवर (पोलादी दांड्यावर) ठोकून बसवता येतो, पण तो कशाने आला हे आधी विचारावे. तोंडाजवळचा फुगवटा बहुधा चिखलाचा किंवा बर्फाचा. चेंबरच्या (काडतूस बसते त्या भागाच्या) पुढे कडे उमटले असेल तर आत काहीतरी अडकलेले असताना बार झालेला असतो.

नळ्या दोरीने टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारावी. घंटेसारखा स्वर आला तर दोन नळ्यांना जोडणारी मधली पट्टी घट्ट आहे, बद्द आवाज आला तर डाख सुटलेला आहे. ही पट्टी मऊ डाखाने बसवलेली असते, म्हणून गरम क्षारांचे ब्लूइंग इथे चालत नाही. क्षार डाख खातो, पट्टीखाली शिरतो आणि आतून गंज चढत राहतो. अशा नळ्यांना गंज चढवून काळे करण्याची जुनी, संथ पद्धतच हवी.

भिंत गेलेलीच असेल तर वाटा थोड्या उरतात. स्लीव्हिंगमध्ये बुडाचा सुमारे तीन इंचांचा भाग ठेवून पुढच्या नळ्या कापतात, बूड आतून कोरून रुंद करतात आणि त्यात नव्या पोलादी नळ्या बसवतात. दमास्कस नळीची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या नळीची) नक्षी यात जाते. दुसरी वाट आतल्या पातळ अस्तराची, तिच्यात बाहेरचे रूप टिकते. संपूर्ण नवा जोड सर्वांत महाग; नामांकित बंदुकीलाच तो शोभतो. तोंडाकडून कापणे स्वस्त दिसते, पण चोक (तोंडाकडचा किंचित अरुंद भाग) शेवटच्या दोनेक इंचांतच असतो, तो जातो आणि दोन तोंडांमध्ये फट उघडते. शिवाय कायदा आडवा येतो: ब्रिटनमध्ये साध्या शॉटगन परवान्यावर नळी 24 इंचांहून आखूड चालत नाही, अमेरिकेत 18.

प्रूफला नळी काळी करण्याआधी, उघड्या धातूतच पाठवावी. चाचणीत ती फुगली किंवा डाख सुटला तर रंगकामाचे पैसे तरी वाचतात. स्लीव्ह केलेल्या ब्रिटिश नळीवर तसा शब्द कोरलेला असतो; विकत घेताना तो शोधावा.

परतल्यावर काडतुसांची जुनी पेटी बाजूला ठेवावी. 65 मिलिमीटरच्या चेंबरमध्ये 70 चे काडतूस सहज बसते, कारण लिहिलेली लांबी तोंड उलगडल्यानंतरची असते. बार होताना ते तोंड पुढच्या निमुळत्या भागात शिरते आणि दाब चढतो. वीस बोअरचे काडतूस त्याच खिशात कधीच नको. ते बाराच्या चेंबरमधून पुढे घसरून अडकते, मागून बाराचे भरले जाते आणि नळी फुटते. वीसची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती याचसाठी.