आमची वाटचाल : मे महिन्यातले जग

पुण्याच्या नारायण पेठेत, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, १९९७ साली आमच्या छायाचित्र-संग्रहाचे काम सुरू झाले. देशोदेशीच्या निसर्गाची आणि शहरांची छायाचित्रे काढणे, ती नीट जतन करणे आणि त्यांच्या वापराचे हक्क ठराविक मुदतीसाठी विकणे हा आमचा व्यवसाय. छायाचित्रणाची बाजू मी सांभाळते. सूची, करार, वसुली आणि एकूणच जे कंटाळवाणे पण पोटाला लागणारे असते ते सारे माझ्या वहिनी पाहतात. आम्ही लग्नाचे फोटो काढत नाही, हे आजही नवीन माणसाला दोनदा सांगावे लागते.

आरंभीचे आमचे ग्राहक म्हणजे दिनदर्शिका काढणाऱ्या कंपन्या, दिवाळी अंकांचे संपादक आणि परदेशी सहली नेणाऱ्या पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्या. तो काळ स्लाइडचा, म्हणजे फिल्मवरच्या पारदर्शक रंगीत चित्रांचा होता. फुजीची वेल्व्हिया ही पन्नास आयएसओची फिल्म मी वापरत असे. तिचे हिरवे आणि निळे रंग छपाईत फार खुलत, पण उजेडाच्या मोजमापात अर्ध्या स्टॉपचा, म्हणजे थोडासा फरकसुद्धा ती पोटात घालत नसे. फिल्म मुंबईला धुवायला जाई, तेथून आलेल्या स्लाइड लाइटबॉक्सवर पसरून आम्ही भिंगातून एकेक निवडत असू आणि ग्राहकाने पसंत केलेली मूळ स्लाइडच त्याच्या हाती द्यावी लागत असल्यामुळे ती परत येईपर्यंत वहिनींचे लक्ष दारावर असे.

व्यवसायाला आजचे वळण मिळाले ते एका सहल कंपनीच्या तक्रारीमुळे. त्या कंपनीने आपल्या माहितीपत्रकावर हॉलंडमधील कॉकेनहॉफ बागेतल्या ट्यूलिपचे एक देखणे चित्र छापले होते. चित्र परदेशी संग्रहातून घेतलेले होते, खरे होते, उत्तमही होते. परंतु ही बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, आणि शाळांचे निकाल लागून मराठी कुटुंबे बाहेर पडेपर्यंत तिचे दरवाजे बंद होण्याच्या बेतात आलेले असतात. शेवटच्या तुकडीतल्या प्रवाशांना फुलांऐवजी कुलूप पाहायला मिळाले. कंपनीचे मालक आमच्याकडे आले ते केवळ मन मोकळे करायला, पण जाताना त्यांनी एक प्रश्न विचारला : आमची माणसे ज्या दिवसांत जातात, त्याच दिवसांतले फोटो कोणी का काढत नाही?

उत्तर सोपे होते. जगभरचे प्रवासी छायाचित्रकार प्रत्येक ठिकाणी तेथील सर्वोत्तम ऋतू गाठतात, कारण संपादकांना तेच हवे असते. जपानमधील क्योटोला ते मार्चअखेरीस चेरीच्या बहरासाठी जातात, तेव्हा आपल्याकडे घरोघरी परीक्षांचा हंगाम असतो. तिथला लालभडक मेपल नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रंगतो, तोवर बहुतेक वर्षी दिवाळीची सुटी संपलेली असते. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातले लॅव्हेंडर जूनअखेरीस फुलू लागते, तेव्हा आपल्या शाळांची घंटा वाजलेली असते. मराठी प्रवासी मुख्यतः मे महिन्यात आणि दिवाळीत फिरतो. त्या दोन मोसमांतले जग कोणाच्याच संग्रहात धडपणे नव्हते, आणि ते आपण उभे करावे असे आम्ही ठरवले. तेव्हापासून आमच्या प्रत्येक छायाचित्राखाली स्थळाबरोबर तारीख आणि स्थानिक वेळ छापली जाते, आणि ती काढून टाकून चित्र वापरण्याची मुभा करारात दिली जात नाही.

हा निर्णय खर्चाच्या दृष्टीने वेडेपणाचाच होता. मे महिन्यात तिकिटे महाग, हॉटेले भरलेली आणि जपानमध्ये तर २९ एप्रिल ते ५ मे हा त्यांचाच सुट्ट्यांचा सप्ताह असल्यामुळे स्थानकांत पाय ठेवायला जागा नसते. परंतु त्या सप्ताहानंतरचे क्योटो मी पाहिले आणि मला चेरीची फारशी आठवण राहिली नाही. मेपलची कोवळी पाने पोपटी असतात, दाट सावलीतही ती आतून उजळल्यासारखी दिसतात, आणि ढगाळ दिवशी तो हिरवा रंग उन्हापेक्षा चांगला येतो. बहराच्या चित्रांची गर्दी इतकी झाली आहे की हा हिरवा ऋतू मला, निदान छायाचित्रकार म्हणून, अधिक मोलाचा वाटतो.

महिना ठरला की उजेड ठरतो, हे मी पुण्यात राहून जितके जाणत होते त्यापेक्षा उत्तरेकडे गेल्यावर अधिक समजले. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो आणि सायंकाळी क्षितिजाखाली झपाट्याने उतरतो, त्यामुळे सोनेरी उजेड हाती लागेपर्यंत निसटलेला असतो. आइसलँड साधारण साडेत्रेसष्ट ते साडेसहासष्ट अक्षांशांच्या दरम्यान आहे. तेथे मेअखेरीस सूर्य क्षितिजाला तिरपा घासत जातो, तिरपे ऊन तासन्‌तास टिकते आणि रात्र खऱ्या अर्थाने काळोखी होतच नाही. याच कारणाने तेथील ध्रुवीय प्रकाश उन्हाळ्यात दिसत नाही : तो आकाशात नसतो असे नव्हे, तर त्याला लागणारा अंधार नसतो. मेच्या सहलीच्या माहितीपत्रकावर हिरव्या झोतांचे चित्र छापू नये, त्याऐवजी रात्री उशिराच्या उन्हातले योकुलसारलोन हे हिमनगांचे सरोवर छापावे, असा आमचा आग्रह असतो, आणि पुष्कळांनी तो मानलाही आहे.

पॅरिसची गोष्ट याहून मजेदार आहे. मेअखेरीस तेथे सूर्यास्त रात्री साडेनऊनंतर होतो. आयफेल मनोऱ्याचे दिवे त्यानंतर लागतात आणि अंधार पडल्यावर दर तासाच्या आरंभी पाच मिनिटे तो चमचमतो. आपल्या सहलींची भारतीय जेवणाची वेळ मात्र आठची असते आणि बस जेवणानंतर सरळ हॉटेलवर जाते, म्हणून मे महिन्यात गेलेल्या कित्येक मराठी प्रवाशांनी मनोरा केवळ दिवसाउजेडी पाहिलेला असतो. कायद्याच्या दृष्टीनेही दिवसाचे चित्रच सोयीचे. गुस्ताव्ह आयफेल १९२३ मध्ये वारले आणि युरोपात कलाकृतीवरील हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे टिकतो, त्यामुळे १८८९ च्या मूळ मनोऱ्याचे चित्र कोणीही छापावे. पण रात्रीची प्रकाशयोजना १९८५ ची आहे, ती स्वतंत्र कलाकृती मानली जाते, आणि व्यावसायिक कामासाठी तिचे चित्र वापरायचे तर मनोऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीची परवानगी लागते. घरच्या अल्बमसाठी कोणी अडवत नाही. आमच्या ग्राहकांपैकी ज्यांनी रात्रीच्या पॅरिसचा हट्ट धरला त्यांना वहिनींनी हा सारा मजकूर लेखी पाठवला, आणि हट्ट बहुधा तेथेच थांबला.

स्वित्झर्लंड हे आमच्या सहल कंपन्यांचे मुख्य पीक. फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन हे उंच घाटरस्ते बर्फामुळे साधारणतः मेअखेरीस किंवा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे चित्रपटांत दिसणारी ती वळणे मेच्या प्रवाशाच्या वाट्याला सहसा येत नाहीत. युंगफ्राउयोखला मात्र रेल्वेने जाता येते. १९१२ मध्ये सुरू झालेले हे स्थानक ३,४५४ मीटरवर, युरोपातले सर्वांत उंच. तेथे एखाद्या दिवशी समोर पांढऱ्या धुक्याखेरीज काहीही दिसत नाही. मी त्या धुक्याचीही छायाचित्रे काढली : कठड्याला टेकलेली माणसे, हातात बर्फाचा गोळा, आणि मागे कोरा पांढरा पडदा. एका कंपनीने स्वच्छ दिवसाचे आणि धुक्याच्या दिवसाचे अशी दोन चित्रे शेजारी-शेजारी छापण्याचे धाडस केले. त्या मोसमात पैसे परत मागणारी पत्रे कमी आली, असे त्यांनीच नंतर सांगितले.

सर्वच काम सहलींसाठी नव्हते. नामिबियातील डेडव्हले या आटलेल्या तळ्याचे छायाचित्रण दिनदर्शिकेसाठी केले, आणि माझ्या आवडीचे सांगायचे तर तेच पहिले. वाळूच्या टेकड्यांनी नदीची वाट बुजवली, पाणी तुटले आणि तळातील बाभळीच्या जातीची झाडे काही शतकांपूर्वी मेली. हवा इतकी कोरडी की ती कुजलीसुद्धा नाहीत, उभ्या जागी उन्हाने काळी पडली. पहाटे पूर्वेकडील टेकडीची सावली पांढऱ्या मातीवर पसरलेली असते आणि पश्चिमेकडील टेकडीवर ऊन आधी पडते. त्या थोड्या वेळात मागे केशरी भिंत, पुढे निळसर-पांढरी जमीन आणि मध्ये काळी झाडे असे तीन रंग, एकमेकांत न मिसळता, मिळतात. सावलीची कड झाडांच्या बुंध्याशी आली की चित्र संपते. हा क्षण गाठण्यासाठी कौशल्यापेक्षा मुक्कामाची निवड महत्त्वाची, कारण तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या सेस्रिएम फाटकाच्या आत उतरलेल्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी निघता येते. बाहेर उतरलेले सूर्योदयाला निघतात, आणि पुढे साठ किलोमीटरचा रस्ता व शेवटी वाळूचा पट्टा असतो. आतला मुक्काम महाग पडतो. वहिनींनी त्या खर्चावर सही केली, पण का ते मला नकाशावर दाखवावे लागले.

पुढे व्यवसायाची गणिते बदलली. आयस्टॉकफोटोसारखी संकेतस्थळे २००० नंतर एक-दोन डॉलरला छायाचित्र देऊ लागली आणि २००६ मध्ये ते संकेतस्थळ गेटी इमेजेसने पाच कोटी डॉलरला घेतले, तेव्हा हा प्रकार तात्पुरता नाही हे स्पष्ट झाले. दिनदर्शिकांचे काम आमच्या हातून जवळजवळ गेले. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. सुंदर पण स्थळ-तारीख नसलेल्या सूर्यास्ताला एक डॉलर ही किंमत मला अन्यायाची वाटत नाही. तारीख, वेळ, जागा आणि अचूक मराठी ओळ असलेले चित्र मात्र त्या दराने मिळत नव्हते, म्हणून सहल कंपन्या आणि अभ्यासक्रमाची पुस्तके काढणारे प्रकाशक टिकले.

त्याच सुमारास आम्ही डिजिटल कॅमेऱ्याकडे वळलो, आणि तारखेचा प्रश्न सुटण्याऐवजी वाढला. कॅमेरा स्वतः वेळ नोंदवतो, पण कोणत्या देशाची? प्रत्येक विमानतळावर घड्याळ बदलण्यात गोंधळ होतो, म्हणून कॅमेऱ्याचे घड्याळ कायम भारतीय वेळेवर ठेवायचे आणि सूचीत उतरवताना फरक काढायचा, हा नियम वहिनींनी केला. उन्हाळ्यातील पॅरिस आणि नामिबिया आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, जपान साडेतीन तास पुढे. हे आता आमच्या कार्यालयात पाढ्यासारखे पाठ आहे.

साहित्याबद्दल थोडक्यात. पुण्याच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, त्यामुळे सारे साहित्य चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता राखणाऱ्या कपाटात असते. देशाबाहेर जाताना सीमाशुल्क विभागाकडून साहित्याचे निर्यात प्रमाणपत्र घेऊन ठेवले की परतताना ते नव्याने आणल्याचा संशय राहत नाही. सुट्या बॅटऱ्या हातातील सामानातच, आणि शंभर वॅट-तासांच्या आतील. मोरोक्कोला ड्रोन नेऊ नये, तो विमानतळावरच काढून घेतला जातो.

माणसांच्या बाबतीत आमचा नियम याहून कडक आहे. ओळखू येणारा चेहरा जाहिरातीत जाणार असेल तर त्या व्यक्तीची लेखी संमती हवी, आणि ती तिच्या भाषेत लिहिलेली हवी. क्योटोच्या गिओन भागातील खासगी गल्ल्यांत २०१९ पासून छायाचित्रणावर बंदीचे आणि दंडाचे फलक लागले, आणि पुढे त्यांपैकी काही गल्ल्या पर्यटकांसाठी बंदच झाल्या. पर्यटकांनी गेइशांचा, म्हणजे तेथील पारंपरिक नृत्य-संगीत करणाऱ्या स्त्रियांचा केलेला पाठलाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्यात काही जाचक वाटणार नाही. त्या गल्ल्यांतील आमची जुनी छायाचित्रे आम्ही आता नव्या सहलींसाठी देत नाही, कारण प्रवाशाला तेथे उभेच राहता येणार नसेल तर चित्र दाखवून काय मिळवायचे?

मार्च २०२० मध्ये सहली थांबल्या आणि आमचे उत्पन्न त्यांच्याबरोबर थांबले. जुन्या स्लाइड स्कॅन करण्याचे वर्षानुवर्षे लांबलेले काम त्या काळात हाती घेतले, आणि त्यातून अनपेक्षितपणे नवे गिऱ्हाईक उभे राहिले. व्हेनिसचे उदाहरण घ्या. शरद ऋतूत मोठ्या भरतीला सान मार्को चौकात पाणी शिरते, आणि तो काळ नेमका आपल्या दिवाळी सहलींचा असल्यामुळे आमच्याकडे त्या चौकाची बरीच छायाचित्रे होती : फळ्यांवरून चालणारी माणसे, पाण्यात उलटे दिसणारे चर्च. नोव्हेंबर २०१९ मध्ये भरतीची पातळी १८७ सेंटीमीटरपर्यंत चढली, १९६६ नंतरची सर्वांत जास्त. ऑक्टोबर २०२० मध्ये समुद्रातील मोसे दरवाजे प्रथमच प्रत्यक्ष पुरासाठी उचलले गेले, आणि आता मोठी भरती बाहेरच अडवली जाते. आमची ती चित्रे सहल कंपन्यांच्या उपयोगाची उरली नाहीत, पण भूगोल आणि पर्यावरणाच्या पुस्तकांनी ती मागून घेतली, ती खाली छापलेल्या तारखेमुळेच.

रोन हिमनदीबाबतही असेच घडते आहे. फुर्का घाटातून दिसणाऱ्या तिच्या टोकाची आमच्याकडे स्लाइडच्या काळातली छायाचित्रे आहेत. आज तेथे बर्फ मागे सरकून तळे झाले आहे आणि उरलेल्या बर्फाचा काही भाग उन्हाळ्यात पांढऱ्या कापडाने झाकून ठेवतात. एका प्रकाशकाला त्याच जागेवरून, त्याच महिन्यात, त्याच वेळी काढलेले नवे चित्र जुन्याशेजारी छापायचे आहे. घाट मेमध्ये सहसा उघडा नसतो, म्हणून जुने चित्र जूनमधलेच आहे आणि हे कामही जूनमध्ये करावे लागेल. शाळा सुरू झाल्यानंतरचा प्रवास वहिनींनी मंजूर केल्याचे उदाहरण आमच्या कार्यालयात विरळा. तिकीट काढले आहे, जुन्या स्लाइडवरची वेळ सकाळी दहाची आहे, आणि त्याप्रमाणे आदल्या रात्रीचा मुक्काम घाटाखालच्या गावात ठरवला आहे.