खायचा हिरवा रंग, पालक आणि खडू: पावसाळ्यातली क्रोमॅटोग्राफी

क्रोमॅटोग्राफी म्हणजे मिसळलेले रंग कागदातून किंवा भुकटीतून वाहू देऊन वेगळे करणं. मागच्या नोंदीत स्केचपेनची शाई अशी कागदाच्या पट्टीवर चालवली होती, ते स्केचपेन आता बाजूला ठेवलेत. पट्टीवर तीन डाग उमटले तरी ते कोणाचे हे कळायला मार्ग नाही, कारण पाकिटावर काहीच छापलेलं नसतं. त्याऐवजी ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून खायचा हिरवा रंग आणला. बाटलीवर टार्ट्राझिन आणि ब्रिलियंट ब्लू अशी दोन्ही नावं आहेत. उत्तर आधीच ठाऊक असलं की पद्धत नीट तपासता येते.

फिल्टर पेपरची पट्टी घेतली, खालून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारली (पेनने मारलीत तर तिचीच शाई वर चढेल) आणि टाचणीच्या टोकाने ठिपका दिला. वाळला की पुन्हा त्याच जागी. ठिपका जितका बारीक, तितके डाग नेटके. बरणीच्या तळाशी लिटरला एक ग्रॅम या हिशोबाचं मिठाचं पाणी, पातळी रेघेच्या खाली. निळा जवळजवळ पाण्याच्या कडेबरोबरच वर गेला, पिवळा मागे रेंगाळला.

कागद रंग ओढतो असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर चढतं ते पाणी. रंगाचा कण कधी वाहत्या पाण्यात असतो, तर कधी कागदाच्या तंतूंना धरून थांबतो. दिशा तीच, पण धीमी लोकल कळवा-मुंब्रा करत जाते आणि जलद पुढे निघून जाते, तसंच हे. ज्याचा थांब्यांवर जास्त वेळ जातो तो मागे पडतो. डाग किती वर गेला हे सांगणारा आकडा म्हणजे आरएफ: रेघेपासून डागाच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले रेघेपासून पाण्याच्या कडेपर्यंतचं अंतर. कागद, द्रावक (वर चढणारा द्रव, इथे मिठाचं पाणी) किंवा तापमान बदललं की आकडाही बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या तक्त्याशी ताडून पाहण्यात फार अर्थ नाही. ओळखीचा रंग शेजारी ठिपका देऊन चालवा, ते जास्त खात्रीचं.

ठाण्याच्या जुलैत आणखी एक भानगड असते: कागद हवेतलं पाणी पितो. मार्टिन आणि सिंज या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी 1941 मध्ये दाखवलं की सिलिका जेलने धरून ठेवलेलं पाणी हेच थांब्याचं काम करू शकतं. 1944 मध्ये ती जागा कागदाने घेतली आणि 1952 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे पट्टीतली ओल हा प्रयोगातला एक भिडूच. म्हणून सगळ्या पट्ट्या एकाच घट्ट डब्यात ठेवतो. बरणीला आतून द्रावकात भिजलेला कागद लावून झाकण लावतो आणि वाफ भरेपर्यंत थांबतो.

पालकाचं काम गॅलरीत, घरात गॅस आणि देवापुढचा दिवा दोन्ही बंद करून. अ‍ॅसिटोन आणि पेट्रोलियम ईथर भुरकन पेट घेतात. पानं थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये खलली, चिमूटभर खायचा सोडा टाकून. पानातल्या आम्लाने क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून जातं आणि करडा पट्टा येतो, तो सोड्याने बराच टळतो. पट्टीसाठी द्रावक: नऊ भाग पेट्रोलियम ईथर, एक भाग अ‍ॅसिटोन. सगळ्यात वर पिवळं कॅरोटीन, मग झँथोफिल, त्याखाली निळसर हिरवं क्लोरोफिल ए आणि शेवटी पोपटी क्लोरोफिल बी. झँथोफिल आणि क्लोरोफिल ए अजून एकमेकांना खेटून आहेत, पट्टी लांब हवी.

आता खडू. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेतने 1903 मध्ये वॉर्सातल्या व्याख्यानात क्रोमॅटोग्राफीची पद्धत मांडली, 1906 मध्ये तिला नाव दिलं. काचेच्या अरुंद नळीत कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी भरून तो पानांतली रंगद्रव्यं वेगळी करायचा. फळ्याचा खडू घेताना जपून, बरेच खडू जिप्समचे असतात. लिंबाचा थेंब टाका, फसफसलं तर कार्बोनेट.

नळीत खडूची भुकटी कोरडी भरू नका, हवा अडकते आणि पट्टे वाकडे येतात. पेट्रोलियम ईथरमध्ये कालवून पातळ लगद्यासारखी ओता, खाली कापसाचा बोळा, आणि वरचं द्रावक कधीही संपू देऊ नका. एकदा वरून कोरडं पडलं की तडा जातो आणि पालकाचा हिरवा अर्क त्या फटीतून सरळ खाली उतरतो.