प्रोषे आणि प्रोशे

2017 मधली केस आहे, पण अजून डोक्यातून जात नाही. मी ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करणारी, मूळची कोल्हापूरची, तेव्हा वेस्ट लंडनला एका सरकारी क्लिनिकात होते. 85 वर्षांच्या एक पोलिश बाई मुलीला घेऊन आल्या. फाइलवर आधीच्याने शेरा मारलेला, 'मशीन वापरत नाहीत, रोज 0.4 तास'. हा आकडा कानातलं मशीन स्वतःच साठवतं, कॉम्प्युटरला जोडलं की दिसतो. पण ती सरासरी असते हो! गुणिले सात केलं तर आठवड्याला पावणेतीन तास होतात, आणि मुलगी म्हणाली आई शिक्षिका होती, अजूनही दर शनिवारी पोलिश शाळेत मुलांचं वाचन ऐकायला जाते. म्हणजे बाई जिथे गरज तिथे मशीन लावत होत्या, आणि आमच्यातल्या एकालाही तो गुणाकार सुचला नव्हता.

तक्रार एकच. मुलं चुकीचं वाचतात की मला चुकीचं ऐकू येतं, तेच कळत नाही.

पोलिशमध्ये 'प्रोषे' म्हणजे प्लीज आणि 'प्रोशे' म्हणजे डुकराचं पिल्लू. पोटफोड्या ष आणि साधा श, आपण लिहितो वेगळे पण बोलतो एकच, ते मात्र काटेकोर वेगळे बोलतात. मशीन उघडून बघितलं तर वरच्या पट्टीतले आवाज खाली ओढून दाबणारं सेटिंग चालू होतं, कंपनीकडून येतं तसंच ठेवलेलं. इंग्लिश ऐकणाऱ्याला त्याने बऱ्याचदा फायदा होतो, इथे दोन्ही आवाज एकमेकांवर चढले होते. आणि मशीन तपासायला आम्ही जो ठरलेला बोलण्याचा आवाज वाजवतो तो सहा भाषांचा बनवलाय, इंग्लिश, अरबी, चिनी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश. त्यात पोलिश नाही, मराठीही नाही. याचा मला राग येतो, आजही येतो.

मग मी लेकीला कागदाआड तोंड लपवून हे दोन शब्द उलटसुलट वीसदा म्हणायला लावले. आधी 11 बरोबर, म्हणजे नुसता अंदाज. सेटिंग बंद करून आवाज नव्याने जुळवला, 18. अपॉइंटमेंटची वेळ केव्हाच संपली होती, बाहेर पुढचा पेशंट बसलेला, मी उठले नाही.

बाईंनी विचारलं तू कुठली, मी कोल्हापूर म्हटल्यावर त्या एकदम "वळिवडे!" म्हणाल्या. कोल्हापूरजवळचं हे गाव, 1943 ते 48 तिथल्या कॅम्पात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, त्यातल्या या एक, शाळा तिथेच शिकलेल्या. "चहा" आणि "किती पैसे" अजून स्वच्छ मराठीत येत होतं. मग मला 'प्रोषे' म्हणायला लावलं, पाचसहा वेळा, जीभ कुठे लावायची ते दाखवून, पटल्याशिवाय सोडलं नाही.

बाकीचं लेकीने कॉरिडॉरमध्ये सांगितलं. आजोबा, म्हणजे बाईंचे वडील, पण शिक्षक, राखीव दलातले अधिकारी, 1939 च्या सप्टेंबरात सोव्हिएत सैन्याने पकडलं आणि कोझेल्स्कच्या कॅम्पात ठेवलं. महिन्याला एक पत्र लिहायची परवानगी होती. सात वर्षांच्या मुलीने लिहिलं, बाबा प्लीज घरी या, आणि 'प्रोषे'च्या जागी 'प्रोशे' लिहिलं. उत्तरात त्यांनी तो शब्द नीट लिहून पाठवला आणि खाली लिहिलं, असा दहा वेळा गिरव. ते शेवटचं पत्र. 1940 च्या वसंतात रशियातल्या कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी मिळून जवळपास 22 हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या, त्यात ते गेले. 13 एप्रिल 1940 ला अशा कैद्यांच्या बायकामुलांना गाड्यांत कोंबून कझाकस्तानला न्यायला सुरुवात झाली, त्यात मायलेकी होत्या. आम्ही मारलं हे मॉस्कोने कबूल केलं 13 एप्रिल 1990 ला, बरोब्बर पन्नास वर्षांनी. तोपर्यंत बाईंनी शुद्धलेखन शिकवण्यात अख्खी नोकरी घालवली होती. ते पत्र कझाकस्तान, इराण, वळिवडे करत लंडनला आलं, घरात आहे म्हणे.

आणि मी त्यांना आत चाचणीला नेमके तेच दोन शब्द वीसदा ऐकवले होते. एकदाही चेहरा हलला नाही त्यांचा, शिक्षिका ऐकतात तसं मान खाली घालून ऐकलं.

फाइलमधला जुना शेरा आमच्याकडे खोडता येत नाही. मी त्याच्या खाली लिहिलं, 'शिक्षिका आहेत. शनिवारी शाळा असते.'