कोणती चिखली?

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या आठवड्यात पाणी चढले ५५ फूट ७ इंचांपर्यंत. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. वीज गेलेल्या गावांत मोबाईल चार्ज करायची सोय नव्हती. आम्ही काही परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारे, कोल्हापुरात उंचावरच्या एका इमारतीत कंट्रोल स्टेशन चालवत होतो. त्यातल्या एका संध्याकाळचा एक संदेश अजून डोक्यातून जात नाही.

तो पुण्याच्या स्टेशनकडून ७ मेगाहर्ट्झवर आला: ‘चिखली, माडीवर सहा माणसे, एक डायलिसिसचा रुग्ण, बोट पाठवा.’ तालुका नव्हता. चिखली करवीर तालुक्यात आहे, प्रयाग संगमाजवळची. कागल तालुक्यात आहे. पलीकडे सांगली जिल्ह्यात शिराळ्यालाही आहे. बातम्यांत मात्र सगळीकडे एकच, प्रयागची. बोटींचे वाटप करणाऱ्या टेबलावर चिठ्ठी दिली तेव्हा तिथले साहेब म्हणाले, “अहो, चिखली म्हणजे आपली प्रयाग चिखली. आणखी कुठली?” आणि पेन उचलले. चिठ्ठी थांबवा म्हणणे त्या गर्दीत सोपे नव्हते. आमच्या लॉग (संदेशांची नोंदवही) लिहिणाऱ्या मुलीने ती थांबवली. तिच्याबद्दलचा आदर मी इथे मुद्दाम नोंदवतो.

आता खुलासा पुण्याकडूनच मागवायचा होता, आणि नेमका तेव्हाच ७ मेगाहर्ट्झचा बँड बंद पडत चालला होता. कोल्हापूर-पुणे हे अंतर ७ मेगाहर्ट्झला दिवसा उत्तम जमते. अँटेना म्हणजे इन्व्हर्टेड व्ही डायपोल (मधोमध उंच, दोन्ही बाजूंना उतरती तार), प्रत्येक बाजू साधारण १० मीटर, मधले टोक जमिनीपासून जेमतेम ६-७ मीटर. अँटेना मुद्दाम खाली ठेवायची, म्हणजे लहरी सरळ वर जातात आणि आयनोस्फिअरवरून (वातावरणातल्या विद्युतभारित थरावरून) आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरांत परत उतरतात. सूर्य मावळला की तो थर विरळ होत जातो. २०१९ तर सौरचक्राचा तळ, म्हणजे सूर्य सर्वांत शांत आणि तो थर आणखी कमजोर. अंधार पडून तास-दीड तास झाला की सरळ वर गेलेली लहर परत येतच नाही. पुणे गायब होते आणि हजार किलोमीटरवरची स्टेशने ठणठणीत ऐकू येतात. नवख्या ऑपरेटरला वाटते सेट बिघडला, आणि तो पॉवर वाढवत बसतो. पॉवरने काही होत नाही. खाली, ३.६ मेगाहर्ट्झवर जावे लागते.

त्यासाठी लागते ४० मीटर लांबीची अँटेना, म्हणजे बाजूला वीस-वीस मीटर. ती रात्री, पावसात, शेवाळलेल्या गच्चीवर बांधायची गोष्ट नाही. आमची दुपारीच बांधून झाली होती: घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटर वायर, पीव्हीसी पाइपचे तुकडे इन्सुलेटर म्हणून, टोके नायलॉन दोरीने शेजारच्या गच्च्यांना. इन्सुलेशन असलेली वायर हिशेबापेक्षा दोन-तीन टक्के कमी लागते. आधी लांब ठेवायची आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचे माप; १ च्या जितके जवळ तितके चांगले) बघत टोके दुमडत जायची, कापायची नाहीत. कोअॅक्सच्या (सेट ते अँटेना जाणाऱ्या केबलच्या) जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी), आणि खिडकीतून आत घेण्याआधी केबलला खाली झोळ, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते. हे केले नाही तर पहिल्या दिवशी १.३ असलेला एसडब्ल्यूआर पुढे तीनच्या वर जातो आणि सेट स्वतःच पॉवर कमी करतो.

दुसरी अडचण बॅटरीची. १०० वॉटचा सेट बोलताना २० अँपिअरच्या आसपास ओढतो. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवर बॅटरी होती, पण कुणीतरी मदत म्हणून दीड चौरस मिलिमीटरचीच वायर जोडून दिली होती. दोन मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर; २० अँपिअरला तीच जवळजवळ एक व्होल्ट खाते. बॅटरीवर १२.४ दिसतात आणि सेटला मिळतात ११.४. मग आवाज चिरकतो किंवा बोलता बोलता सेट बंद पडतो. जाड, सहा चौरसची वायर लावली, पॉवर ५० वॉटवर आणली, आवाज स्वच्छ झाला.

पुण्याच्या ऑपरेटरनेही फ्रिक्वेन्सी बदलायची वेळ आधी ठरवून पाळली, म्हणून ३.६ वर तो सापडला. संदेश देणाऱ्या नातेवाइकाचा फोन बराच वेळ व्यस्त होता. मग उत्तर आले: तालुका कागल.

म्हणजे चिठ्ठी तशीच गेली असती तर बोट दुसऱ्याच नदीवर गेली असती. हे सगळ्यांना पटते. तरी या खुलाशात गेलेली वेळ डायलिसिसच्या रुग्णाची होती, हेही खरे.

तेव्हापासून आमच्या फॉर्मवर गावाच्या आधी तालुका आणि जिल्हा येतो, आणि तो रकाना कोरा असेल तर ऑपरेटर संदेश उतरवून घेतानाच थांबवतो. आकडे एकेक करून वाचायचे. एकोणपन्नास आणि एकोणसाठ खरखरीत सारखेच ऐकू येतात. संदेश आधी कागदावर लिहायचा, मग पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचे बटण) दाबायचे. ऑनलाइन स्वस्त चिनी हँडसेट घेऊन विनापरवाना मदतीला येणाऱ्यांना मी सांगतो की आधी परीक्षा द्या. पाच वॉटचा हँडसेट पुरात शहराबाहेरही धड जात नाही, आणि नेटमध्ये (एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीपाळीने चालणाऱ्या संभाषणात) मध्येच बोलणारा एक माणूस दहा संदेश अडवतो.

आमच्यातल्या काहींचे म्हणणे, असा संदेश ‘अपूर्ण’ असा शेरा मारून लगेच द्यावा आणि खुलासा बरोबरीने मागवावा. बोटी पुरेशा असतील तर मी याच बाजूचा. पण त्या संध्याकाळी टेबलावर एकच बोट मोकळी होती, आणि शेरा काहीही असता तरी साहेबांनी ती प्रयाग चिखलीलाच पाठवली असती.