प्रोसेसर वाट पाहतो तेव्हा

कॅबिनेटचे साईड पॅनेल काढले की आधी नजरेत भरतो तो पंखा. त्याच्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा, उष्णता ओढून घेणारा हीटसिंक असतो आणि त्याच्याही खाली, डोळ्यांना अजिबात न दिसणारा, सगळी आकडेमोड करणारा प्रोसेसर. ज्याच्या नावावर संगणक विकला जातो, तो असा पडद्याआड बसलेला असतो. खोक्यावरच्या स्टिकरपासून विक्रेत्याच्या बोलण्यापर्यंत सगळीकडे त्याचाच बोलबाला असला, तरी आतली मांडणी निरखून पाहताना मला नेहमी वाटते की, या सर्वांत चपळ घटकाचे आयुष्य मुख्यतः इतरांची वाट पाहण्यात जाते, आणि सारे भाग जोडणाऱ्या मदरबोर्ड या मुख्य पाटीवरचे निम्मे शहाणपण त्याचा खोळंबा कमी करण्यासाठीच खर्ची पडले आहे.

त्याचा वेग किती, हे आधी पाहू. ३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सेकंदाला ३ अब्ज ठोके मोजतो; या ठोक्यांच्या तालावरच त्याचे काम पावलापावलाने पुढे सरकते. दोन ठोक्यांमधल्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर अंतर कापतो, आणि तांब्याच्या रेषांतून धावणारा संदेश तर त्याहून कमी. रॅमच्या, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीच्या, पट्ट्या प्रोसेसरला खेटून का बसवलेल्या असतात, याचे एक कारण इथे सापडते. १९७१ साली इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर आला, तेव्हा त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेची चिमुकली बटणे, होती आणि त्याचे ठोके सेकंदाला १० लाखांच्याही आतच होते. त्यानंतर प्रोसेसर ज्या गतीने पुढे धावला, त्या गतीने स्मृती काही धावू शकली नाही.

रॅमची रचना मला विशेष रोचक वाटते. तिच्यातला प्रत्येक बिट (शून्य किंवा एक) म्हणजे विद्युतभार साठवणारा एक अतिसूक्ष्म कपॅसिटर आणि त्याच्यावर पहारा देणारा एक ट्रान्झिस्टर. ही कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, आणि तिचे पेटंट १९६८ चे. कपॅसिटरमधला विद्युतभार सतत गळत असतो. त्यामुळे आहे तेच पुन्हा वाचून पुन्हा भरण्याचा उद्योग रॅमला साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत, सर्वच्या सर्व कप्प्यांसाठी उरकावा लागतो. वीज गेली की हा उद्योग थांबतो आणि जतन न केलेला मजकूर जातो. अशा रॅमकडून एखादी संख्या मागवली, तर ती हाती येईपर्यंत प्रोसेसरचे दोन-तीनशे ठोके उलटलेले असतात. म्हणून प्रोसेसरच्या चिपवरच कॅश नावाची छोटी स्मृती ठेवलेली असते. तिचा एक बिट साठवायला बहुधा सहा ट्रान्झिस्टर खर्च होत असल्यामुळे ती मोजकीच परवडते. पण नुकतेच लागलेले आणि त्याच्या शेजारचे पुन्हा लागेल, या साध्या अंदाजावर ती इतकी चांगली चालते की बहुतेक वेळा रॅमपर्यंत जावेच लागत नाही.

खरी दिरंगाई असते ती हार्ड डिस्कची. बंद पडलेली डिस्क एकदा उघडून पाहावी. चांदणीच्या आकाराचे बारीक स्क्रू काढल्यावर आत आरशासारखी लखलखीत तबकडी, तिच्यावर टेकल्यासारखा दिसणारा एक निमुळता हात आणि कोपऱ्यात बोट चिमटेल इतके जोरकस चुंबक दिसतात. चालू असताना त्या हाताच्या टोकाचा, माहिती वाचणारा-लिहिणारा हेड तबकडीला स्पर्श करत नाही. काही नॅनोमीटर अंतरावर तो हवेच्या थरावर तरंगतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा जातो आणि हेड योग्य वर्तुळापर्यंत सरकण्याचा वेळ वेगळा. एकूण १० मिलिसेकंद धरले, तर प्रोसेसरचे ३ कोटी ठोके झाले. एक ठोका म्हणजे एक सेकंद असे मानले, तर रॅमसाठी तीन ते पाच मिनिटे थांबावे लागते आणि हार्ड डिस्कसाठी जवळजवळ वर्षभर.

रॅम अपुरी पडली की संगणक तिच्यातला काही ऐवज डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. जुना संगणक कुरकुरत अडखळतो तो बहुधा यामुळे. अशा वेळी प्रोसेसर बदलण्याचा सल्ला देणाऱ्यांचे मला नवल वाटते. हार्ड डिस्कच्या जागी बसवता येणाऱ्या एसएसडी या चिपांच्या साठवणीत फिरणारे काही नसते, इलेक्ट्रॉन कप्प्यांत कोंडून माहिती राखलेली असते, आणि तिचे उत्तर साधारण १०० मायक्रोसेकंदांत येते. आधीच्याच हिशेबाने वर्षभराची प्रतीक्षा साडेतीन दिवसांवर येते. पुन्हा पुन्हा लिहिल्याने तिचे कप्पे झिजतात हे खरे, पण रोजच्या वापरात ती झीज सहसा जाणवत नाही.

माणसाची वाट पाहणे हा प्रकार तर याहूनही लांबलचक. झपाट्याने टंकलेखन करणाऱ्याच्याही दोन कळांमध्ये सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो, म्हणजे ६० कोटी ठोके. या काळात दुसरे काम नसेल तर प्रोसेसर आपले भाग झोपवून वीज वाचवतो. एरवी तो भलताच खादाड. पॉवर सप्लाय १२ व्होल्ट पुरवतो. प्रोसेसरभोवतीचे मंडल त्याचे साधारण १ व्होल्ट करते. त्यामुळे ६५ वॉट खाणाऱ्या चिपमध्ये पन्नासहून अधिक अँपिअर प्रवाह शिरतो, आणि तिच्या शेकडो पिनांपैकी मोठा वाटा केवळ वीज आत-बाहेर करण्यात गुंततो.

सगळे बंद असताना जागे राहते ते फक्त घड्याळ. मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा चपटा सेल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या क्वार्ट्‌झच्या स्फटिकाला जागता ठेवतो. हा सेल संपला की तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि तारीख जुळत नसल्याने ब्राउझर चांगल्या संकेतस्थळांनाही असुरक्षित ठरवू लागतो.

प्रोसेसरने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होते. ती चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या थर्मल पेस्ट नावाच्या लेपातून हीटसिंकमध्ये आणि तिथून पंख्याच्या वाऱ्याने बाहेर जाते. पात्यांमध्ये धूळ बसली की वारा अडतो, तापमान १०० अंशांच्या आसपास पोहोचते आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपले ठोके आपणच कमी करतो. संगणक मंदावल्याची तक्रार घेऊन नवा घ्यायला निघण्याआधी तो बंद करून, प्लग काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने हीटसिंक साफ करावा. त्याला खर्च काहीच नाही.