करंट गेला की

आमच्या बेळगावच्या वडगावात 'वीज गेली' असं कुणी म्हणत नाही. वीज पावसाळ्यात झाडावर पडते. तारेतून येतो आणि जातो तो करंट.

घराच्या खालच्या मजल्यावर आमचे चार यंत्रमाग आणि वर आम्ही. माझं माहेर निपाणीकडचं, तंबाखूच्या शेतांमधलं. तिथं रात्री टिटवी ओरडली तरी माणसं उठून बसायची. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिले आठ दिवस मी छताकडं बघत काढले. खाली खटॅक खटॅक, शेजारी खटॅक खटॅक, मागच्या बोळातही तेच. नवव्या दिवशी झोप लागली आणि मध्यरात्री दचकून जाग आली. बघते तर घरातले सगळेच जागे. करंट गेला होता. तेव्हापासून माझंही तसंच झालंय. आवाजानं जाग येत नाही, आवाज थांबला की येते.

माग चालू असताना माणसं ओरडूनच बोलतात, त्याशिवाय समोरच्याला ऐकूच जात नाही. पण करंट जातो तो सांगून जात नाही. त्यामुळं माग थांबल्यावरही अर्धा मिनिटभर अख्खी गल्ली आधीच्याच पट्टीत बोलत असते. त्या अर्ध्या मिनिटात मी काय काय ऐकलंय! कुणाचे सोसायटीचे हप्ते थकलेत, कुणाच्या सुनेनं माहेरची बोरमाळ परत मागितली, कुणाच्या पोरीनं बघायला आलेल्या मुलाला 'नको' म्हणून तोंडावर सांगितलं. मग एकदम भान येतं आणि सगळे आवाज खाली येतात. त्यानंतर जे हळू बोलणं सुरू होतं, ते तर आणखी ऐकण्यासारखं. कांडीवर सूत भरणारी बाई हात रिकामे झाले की भिंतीला टेकून जे सांगते, ते चालू मागाजवळ कधीच सांगणार नाही.

हे सगळं डोक्यात साठायला लागलं. मग सुताच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानापासून लिहायला लागले. एका बाजूनं बाणा, म्हणजे आडवं सूत, किती किलो आला, दुसऱ्या बाजूनं माझी गोष्ट. दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्या की नवी वही. खडूसारखा जाड दिसेल असा पेन्सिलीचा ठसा उमटवायचा, कारण उजेड मेणबत्तीचा. आणि करंट आला की उठायचं, कारण खाली धागे तुटलेले असायचे.

गेल्या वर्षी एका गावातल्या साहित्य संमेलनात मला बोलवलं होतं. आमच्या भागातली ही गावोगावची संमेलनं बाहेरच्या माणसाला सांगून खरी वाटत नाहीत. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत रविवारी सकाळी ग्रंथदिंडी निघते, बाया डोक्यावर कळशी घेऊन पुढं, लेझीम, टाळ, आणि दुपारी जेवण करून माणसं पुन्हा मांडवात येऊन बसतात. कविता ऐकायला! 1946 साली बेळगावच्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून इकडं साहित्य म्हणजे नुसतं साहित्य उरलेलं नाही. तर तिथं मुलाखतीत विचारलं, 'आपली लेखनाची बैठक कशी असते?' माझ्या आधीचे लेखक पहाटे चारला उठणारे होते. मी म्हटलं, 'करंट गेला की लिहिते.' मांडव हसला. विनोद वाटला त्यांना.

कादंबरी छापायची म्हटल्यावर मी आधी दोन प्रकाशकांना पाठवली. उत्तर नाही. तिसऱ्यांनी फोनवर विचारलं, 'किती फॉर्म होतील?' मला वाटलं भरायचे फॉर्म. फॉर्म म्हणजे सोळा पानं, हे तेव्हा कळलं. माझी कादंबरी साडेनऊ फॉर्मांची निघाली. दीडशे प्रती मी स्वतः विकत घ्यायच्या, असं ठरलं. दोन बीमांच्या, म्हणजे मागावर चढणाऱ्या दोन रुळांच्या, सुताचे पैसे त्यात गेले. नवऱ्यानं एवढंच विचारलं, 'साडी विकली नाही तर निदान नेसता येते. ह्याचं काय करायचं?' त्या प्रती अजून पलंगाखाली आहेत, निम्म्या.

संपादकांचा पहिला प्रश्न होता, प्रकरणं एवढी लहान का? एकतीस प्रकरणं, सगळ्यात मोठं साडेचार पानांचं. 'काही प्रयोग आहे का हा?' मी म्हटलं, 'नाही हो, करंट यायचा.'

खरी गंमत छापण्याआधी तपासायची मुद्रितं आली तेव्हा झाली. बेळगावातलं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. तिथली पुस्तकं वाचूनच मी लिहिती झाले. इंदिराबाई संत याच गावात राहिल्या. त्यामुळं छापील मराठी कशी असते हे मला ठाऊक होतं. निवेदन मी तसंच लिहिलं होतं. पण माणसं बोलायला लागली की ती गल्लीतलीच. तिथं लाल शाईचा पाऊस पडला होता. 'काय करालाईस' खोडून 'काय करतो आहेस'. 'मी सांगितलो' खोडून 'मी सांगितले'. आणि गंगाक्का म्हणते 'मी येतो', तिथं समासात प्रश्न : 'पात्र स्त्री की पुरुष? कृपया नक्की करावे.'

आता काय नक्की करायचं! आमच्याकडं बाया आपसात 'मी जातो, मी जेवलो' असंच बोलतात. शेजारची कन्नड बोलणारी विणकर मंडळी 'नानु बर्तीनि' म्हणतात, त्यात बाई की बुवा ते कळत नाही, कळायची गरजही नसते. आणि 'सांगितलो'चं म्हणाल तर, पुस्तकी मराठीत 'मी गोष्ट सांगितली' म्हटलं की क्रियापद गोष्टीच्या मागं जातं. आमच्याकडं ते सांगणाऱ्याच्या मागं येतं. मी गोष्ट सांगितलो. मला ही रीत जास्त प्रामाणिक वाटते. सांगितलंय कुणी, ते लपत नाही.

एवढं सगळं मी फोनवर बोलले, तेही ओरडून, कारण माग चालू होते. संपादक शांतपणे म्हणाले, 'बाई, वाचकाला कळायला हवं ना.' शेवटी तोडगा निघाला. संवाद माझे, निवेदन त्यांचं. दुसऱ्या मुद्रितात तेवढ्यासाठी सगळे 'सांगितलो' मी हातानं परत बसवले. मधे फाँट बदलताना जोडाक्षरं फुटली, तीही एकेक करून सांधली. तुटलेला ताणा जोडण्यापेक्षा काही वेगळं काम नव्हतं ते.

पुस्तक आलं. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून एका संध्याकाळी करंट गेल्यावर माझ्या मुलीनं त्यांना पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी न वाजवता उभी. सासूबाई ऐकत होत्या, मधेच 'ही आमची गंगी न्हवं?' म्हणून हसत होत्या. एवढ्यात एक वाक्य आलं, निवेदनातलं. माझ्या नजरेतून निसटलेलं. 'रात्री साडेनऊला अचानक वीज गेली.'

'थांब,' सासूबाई म्हणाल्या. 'वीज? कुणाच्या घरावर पडली ग?'

मी सांगायला बाहेर आले, तेवढ्यात खाली माग सुरू झाले.