पाचवं अक्षर

जुनी गाडी विकायला काढलेला अमेरिकन माणूस फोटोंच्या बाबतीत हात आखडता घेत नाही. मावळतीच्या उजेडात मागचे दिवे, स्टिअरिंगच्या मधोमध धावणारा घोडा, मागच्या सीटवर जीभ काढून बसलेलं कुत्रं, सगळं येतं. फक्त बॉनेट उघडून डाव्या मडगार्डाच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेल्या चॅसी नंबराचा फोटो मागा. तो एकतर हललेला येतो, नाहीतर नंबरावर मालकाचा अंगठा असतो. विचारलं तर म्हणे फसवणुकीची भीती. अहो, नऊ हजार किलोमीटरवरून पैसे पाठवणार मी, आणि भीती तुम्हाला?

मी ब्रेमेनजवळ राहतो. मला हवी होती ती १९६५ची फोर्ड मस्टँग जर्मनीतही मिळते, नाही असं नाही. फोर्डने ती इथे ‘टी-५’ या नावाने विकली होती, कारण मस्टँग हे नाव क्रुप कंपनीने आधीच आपल्या ट्रकसाठी घेऊन ठेवलं होतं. त्या टी-५ आज इतक्या दुर्मीळ की किंमत ऐकून विषय बदलावा. बाकीच्या बहुतेक अमेरिकेतूनच आलेल्या, वाटेत दोन-चार व्यापाऱ्यांचं भलं करून. म्हटलं, मग आपणच जाऊन बघू. वेड घरचंच आहे. आजोबा कुर्ल्याच्या प्रीमिअरमध्ये होते. वालचंद हिराचंदांच्या त्या कारखान्यात क्रायस्लरशी झालेल्या करारावर डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या, आणि आमच्याकडे श्राद्धाच्या पंगतीलाही गिअरबॉक्सवर वाद व्हायचे.

कॅलिफोर्निया निवडलं ते हवेसाठी. पूर्वेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीचा तळ खाऊन टाकतं. कोरड्या हवेतल्या गाडीचा रंग उडतो, सीट फाटतात, पण पत्रा टिकतो. रंग आणि सीट पैशाने मिळतात. तळाचा पत्रा बदलायचा म्हणजे मिस्त्रीच्या पोरांच्या शाळेची फी भरत बसायचं.

पोमोनाच्या स्वॅप मीटबद्दल, म्हणजे जुन्या गाड्या आणि सुट्या भागांच्या बाजाराबद्दल, फार ऐकलं होतं. पहाटे पाचला फाटक उघडतं, आणि तिथे रीतसर झुंबड उडते. अंधारात बॅटऱ्या घेतलेली माणसं सायलेन्सर नि बंपर खांद्यावर टाकून चालत होती. गर्दी असूनही कुणी कुणाला ढकलत नव्हतं, याचं मला फार कौतुक वाटलं. कॉफी मात्र वाईट, आणि ती प्यायला लांबलचक रांग. गाडी घेण्यासारखी एकही दिसली नाही, पण एका टेबलावर जीटीचं, म्हणजे मस्टँगच्या खास, महागड्या आवृत्तीचं, अख्खं सामान मांडलेलं होतं. बॅज, दाराखालच्या पट्ट्या, जाळीतले फॉगलँप, सायलेन्सरची कर्ण्यासारखी टोकं. पिशवीत भरून घ्या आणि घरी बसवा. शेजारच्या टेबलावर कारखान्याची म्हणून दरवाज्यावर लावायची ॲल्युमिनियमची पाटी हव्या त्या नंबराने ठोकून मिळत होती. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. विकणाऱ्याला वाटलं गिऱ्हाईक आहे.

दुसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याकडे गेलो. काचेची शोरूम, फरशी अशी की बूट काढावेसे वाटावेत. ‘ओरिजिनल व्ही-८, मॅचिंग नंबर’ असा बोर्ड, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन मूळचंच आणि त्यावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळणारा. मी आधी चाकाजवळ बसलो. चार नट. १९६५ला व्ही-८ मस्टँगच्या चाकाला पाच नट असायचे, सहा सिलिंडरवालीला चार. म्हणजे मूळची सहा सिलिंडरची गाडी, त्यात नंतर कुणीतरी मोठं इंजिन टाकलं, ब्रेक आणि मागचा ॲक्सल आहे तोच. आणि मॅचिंग नंबर कशाशी मॅच करायचे? त्या वर्षी फोर्ड साध्या इंजिनांवर गाडीचा नंबर ठोकतच नव्हता, फक्त २७१ हॉर्सपॉवरच्या के इंजिनावर ठोकायचा. हे सांगितल्यावर तो माणूस म्हणाला, ‘सर, ही तांत्रिक गोष्ट आहे.’ मग काय, भावनिक गोष्टीसाठी आलो होतो का मी?

तिथून उत्तरेला ९९ नंबरच्या हायवेने. ट्रकच ट्रक, रस्त्याला सौंदर्य नाही, आणि मधून मधून गोठ्यांचा असा भपकारा की काच वर करावी लागते. पण फ्रेस्नोच्या पुढे बदामाच्या बागा फुललेल्या होत्या, मैलोगणती पांढऱ्या. मोटेलबद्दल एवढंच सांगतो की उशीला आधीच्या माणसाच्या सिगारेटचा वास होता.

याच वाटेवरच्या टर्लॉक गावातली जाहिरात एका नातवाने टाकलेली होती. ‘१९६५ मस्टँग जीटी, आजोबांची गाडी, ३४,००० डॉलर.’ नंबराच्या जागी अर्थातच अंगठा. माझी मावसबहीण फ्रीमाँटला असते, तिच्याकडे जायची वाट टर्लॉकवरूनच जात होती, म्हणून थांबायचं ठरवलं.

त्या भागात अझोर्स बेटांवरून आलेल्या पोर्तुगीज कुटुंबांची बरीच वस्ती आहे, पिढ्यान् पिढ्या दुधाचा धंदा. आजोबा त्यातलेच. ऐंशीच्या आसपासचे, हात असे की माझा हात त्यात हरवला. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये होती, फिकट निळी हार्डटॉप, म्हणजे पक्क्या छताची. त्यांनी चादर ओढून काढली ती एका बाजूने, हळूहळू, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

दरवाजा उघडला आणि डॅशबोर्डवर लांबट, आडव्या पट्टीचा स्पीडोमीटर दिसला. १९६५च्या जीटीला पाच गोल डायल असतात. मी काही बोललो नाही, डॅशबोर्ड बदललेला असू शकतो. दरवाज्याच्या कडेवरच्या पाटीवर तारखेच्या जागी १८एम. एम म्हणजे डिसेंबर. गाडी बनली १८ डिसेंबर १९६४ला, आणि जीटीचं पॅकेज बाजारात आलं एप्रिल १९६५मध्ये, मस्टँगच्या पहिल्या वाढदिवसाला. पण पाट्या कशा मिळतात ते पोमोनात बघून आलो होतो. मग बॉनेट.

तो नंबर मडगार्डाच्या कडेला ठेवलेल्या खाचेतून वाचावा लागतो. मी रुमालाने ग्रीस पुसलं, आजोबांनी बॅटरी धरली. ५आर०७सी, पुढे सहा आकडे. पाच म्हणजे १९६५, आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप. आणि पाचवं अक्षर सी. सी म्हणजे २८९ क्युबिक इंचाचं टू बॅरल कार्बुरेटरचं इंजिन, २०० हॉर्सपॉवर. चांगलं इंजिन आहे, पण जीटी फक्त ए आणि के या अक्षरांच्या दोनच इंजिनांवर मिळायची. १९६७ पासूनच्या फोर्डचे कारखान्यातले तपशील पैसे भरून अहवाल म्हणून मागवता येतात. १९६५चे तसे उपलब्ध नाहीत, त्यामुळे या गाड्यांच्या बाबतीत पत्रा सांगेल ते खरं.

तरीही मी पुठ्ठा टाकून खाली गेलो. पुढे जीटीला असतात ते डिस्क ब्रेक नाहीत, ड्रम. मागे सायलेन्सरचे कर्णे लोखंडी पट्टीने टांगलेले. खऱ्या जीटीत त्यांच्यासाठी चॅसीच्या मागच्या पट्ट्यांना आतून जादा पत्रा वेल्ड केलेला असतो, तो इथे नव्हता. वर आजोबा सांगत होते. १९८८ला शेजाऱ्याकडून घेतली. चार जुलैच्या परेडमध्ये दरवर्षी हीच पुढे असते. नातींची लग्नं हिच्यातून झाली. मी नको तितका वेळ खाली पडून राहिलो, कारण बाहेर आलो की बोलावं लागणार होतं.

‘काय, ठीक आहे ना?’

मी सांगितलं. इंजिनाचं अक्षर, डिसेंबर, ब्रेक. शक्य तितक्या मऊ शब्दांत. ते ऐकत गेले आणि त्यांची मान लाल होत गेली.

‘म्हणजे तू जर्मनीहून येऊन माझ्या गाडीला खोटी म्हणतोस?’

‘गाडी खोटी नाही म्हणालो. बॅज नंतरचे आहेत.’

ते तडक फोनकडे गेले. ‘थांब तू. मी याच्याहून जास्त कळणाऱ्या माणसाला बोलावतो.’ मला वाटलं आता निघावं, तर आजीबाई दारात. म्हणाल्या, जेवून जायचं. त्यांच्या टेबलावर गोडसर पोर्तुगीज पाव, चीज आणि डुकराच्या मसालेदार सॉसेजची ताटली. मी मांस खात नाही म्हटल्यावर त्यांनी ताटली उचलली, कपाळाला हात लावला आणि तीन अंडी फोडली. जिच्या नवऱ्याची गाडी मी नुकतीच उतरवली होती, त्या बाईने मला इतक्या आग्रहाने वाढलं की मला घास उतरेना. जर्मनीत इतकी वर्षं राहून मला शेजाऱ्याने पाव सोडा, कॉफी विचारायला दोन वर्षं घेतली होती.

मित्र आला. तोही म्हातारा, काठी टेकत, शर्टाच्या खिशात लोहचुंबक. आजोबा त्याला शेडमध्ये घेऊन गेले, मी मागोमाग. ‘वाच तो नंबर,’ आजोबा म्हणाले, ‘आणि सांग या पोराला.’

मित्राने बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘सी आहे,’ म्हणाला.

‘वाच म्हटलं ना.’

‘वाचायला कशाला पाहिजे? सी आहे. मला माहीत आहे.’

‘केव्हापासून?’

‘तू आणलीस त्याच दिवशी बघितलं होतं मी.’

मी जन्मात इतका अवघडलो नसेन. आजोबा काही क्षण त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘आणि मी परेडमध्ये भोंगा घेऊन जीटी, जीटी ओरडत होतो, तेव्हा तू बाजूच्या सीटवर बसायचास.’

‘बसायचो. सीट चांगली आहे.’

आजीबाई जाळीच्या दाराआडून हसायला लागल्या आणि थांबेचनात. त्यांनाही माहीत होतं म्हणे. जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. गाडी विकणारा शेजारी वारला तेव्हा त्याला खांदा द्यायला आजोबा गेले होते, आता त्याला शिव्या द्यायची सोय नव्हती. आजोबांनी मित्राला पोर्तुगीजमध्ये बरंच काही ऐकवलं. मित्र मान डोलवत होता. मग दोघं मिळून गाडीच्या पुढ्यात लाकडी खोक्यावर बसले आणि एकच बिअर वाटून प्यायले.

मला खरं तर तेव्हाच ठरवायचं नव्हतं, पण मित्रानेच उठून वायपरखालच्या जाळीत बाटलीभर पाणी ओतलं. ‘आत हात घाल,’ मला म्हणाला. पहिल्या मस्टँगची ही दुखरी जागा आहे. जाळीखालचा पत्रा आतून गंजतो, पाणी पायाशी गळतं, आणि दुरुस्त करायचं तर पुढचा अर्धा भाग उघडावा लागतो. मी डॅशबोर्डखाली हात घातला, गालिचा चाचपला. कोरडं. लोहचुंबक दारांच्या खालून, मागच्या चाकांच्या कमानीवरून फिरवलं, सगळीकडे टक्कन चिकटलं. कुठेही पुट्टी भरलेली नव्हती.

आणि माझ्या दृष्टीने हिशेब उलटा होता. मी गाडी आणली तेव्हा जर्मनीत साध्या आयात गाडीला १० टक्के जकात आणि वर १९ टक्के व्हॅट होता. तीस वर्षांवरची, मॉडेल बंद झालेली आणि चॅसी, ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन मूळ स्थितीत असलेली गाडी संग्राह्य वस्तू धरली की जकात शून्य, व्हॅट ७ टक्के. त्या चकचकीत शोरूममधली इंजिन बदललेली गाडी तिथे अडकली असती. आजोबांची सी, ड्रम ब्रेक आणि पट्टीचा स्पीडोमीटर धरून, जशी सॅन होजेहून निघाली तशीच होती. वर चिकटवलेलं सामान सोडून.

भाव २१,५०० वर आला. घासाघीस मी केली नाही, आजीबाईंनी केली. आजोबा तीस म्हणाले, त्या म्हणाल्या, ‘सीला कोण तीस देतं?’

पिंक स्लिप, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, त्यावरचा नंबर आणि पत्र्यावरचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून जुळवला, ते न करता अमेरिकेत गाडी घेऊ नका, कारण बंदरावर हाच मूळ कागद किमान ७२ तास आधी कस्टमला दाखवावं लागतं आणि एक आकडा चुकला तरी गाडी धक्क्यावरच भाडं भरत बसते. बहिणीकडे दोन दिवस पोहे आणि टोमणे खाल्ले. सॅन होजेचा तो कारखाना खरं तर शेजारच्या मिल्पिटासमध्ये होता. १९८३ला बंद झाला, आता तिथे ग्रेट मॉल आहे. बहिणीला सेलमध्ये सुटकेस घ्यायची होती म्हणून आम्ही गेलोही. पार्किंग मिळायला अर्धा तास लागला.

ब्रेमरहाफेनला गाडी उतरली तेव्हा बॅटरी मेलेली होती आणि बदामांची पिशवी गायब. गाडीत सामान ठेवू नये हे मला माहीत होतं, आजीबाईंना कसं सांगणार? बॅज मी काढलेले नव्हते, काढले की मडगार्डाला भोकं राहतात आणि रंगाचा खर्च येतो. कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटाने गाडीकडे एक नजर टाकली आणि फॉर्मवर लिहिलं, ‘फोर्ड मस्टँग जीटी’. मी म्हटलं, जीटी नाही, ते खोडा. तो म्हणाला, पण लिहिलंय की गाडीवर. मी बॉनेट उघडलं. फॉर्म नव्याने भरण्यात अख्खी दुपार गेली, आणि त्याचेही पैसे त्याने बिलात वेगळे लावले.